सिनेफाइल म्हणजे नेमकं कोण? बायोमध्ये दिसणाऱ्या या शब्दामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे

इन्स्टाग्रामवर कुणाचीही प्रोफाइल उघडा. नावाखाली शहर, मग कॉफीचा कप, मग विमानाचा इमोजी आणि बऱ्याचदा एक शब्द दिसतो, सिनेफाइल. लेटरबॉक्स्डवर तर विचारायलाच नको. तिथे चार आवडते सिनेमे निवडायचे असतात आणि त्या चार पोस्टरवरून समोरचा किती ‘खरा’ सिनेफाइल आहे याचा निकाल लागतो. मग कमेंटमध्ये भांडणं सुरू होतात. “कुरोसावा पाहिला नाहीस? मग तू कसला सिनेफाइल?” त्यावर दुसरा विचारतो, “मी दर शुक्रवारी पहिला शो पाहतो, मग मी कोण?”

प्रश्न बरोबर आहे. सिनेमा कुणाला आवडत नाही? मग सिनेफाइल म्हणून वेगळा कोण? जास्त सिनेमे पाहणारा, जुने पाहणारा, परदेशी पाहणारा की सबटायटल लावून पाहणारा?

याचं उत्तर डिक्शनरीत एका ओळीत मिळतं, पण ते अर्धंच आहे. उरलेलं उत्तर पॅरिसमधल्या एका छोट्या थिएटरात, पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर आणि कर्नाटकातल्या एका खेड्यात आहे. एकेक करून पाहू.

आधी शब्दाची फोड करू

‘सिनेफाइल’ हा शब्द देवनागरीत वाचला की आधी कॉम्प्युटरमधली फाइल आठवते. त्या फाइलशी याचा काही संबंध नाही.

हा शब्द मुळात फ्रेंच आहे. फ्रेंच लोक त्याचा उच्चार ‘सिनेफील’ असा करतात, इंग्रजीत आल्यावर त्याचं ‘सिनेफाइल’ झालं. त्यात दोन तुकडे आहेत, ‘सिने’ आणि ‘फील’.

‘सिने’ हे ‘सिनेमा’चं छोटं रूप. सिनेमा हा शब्दही छोटा करूनच बनलाय. मूळ शब्द ‘सिनेमॅटोग्राफ’. लिऑं बुली नावाच्या एका फ्रेंच माणसाने १८९२ मध्ये आपल्या यंत्रासाठी हे नाव वापरलं होतं. पुढे तेच नाव ल्युमिएर बंधूंनी आपल्या यंत्राला दिलं आणि २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेमध्ये तिकीट लावून लोकांना हलती चित्रं दाखवली. या नावाच्या मुळाशी ‘किनेमा’ हा ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ हालचाल, गती. म्हणजे आपला ‘चलचित्र’ हा शब्द अगदी मुळाला धरून आहे.

दुसरा तुकडा ‘फील’. हा ग्रीक ‘फिलोस’वरून आला. अर्थ प्रिय, किंवा प्रेम करणारा. पुस्तकांवर प्रेम करणारा तो बिब्लिओफाइल. ज्याला उत्तम आवाजाचं वेड आहे आणि जो स्पीकरच्या वायरीवरसुद्धा तासभर बोलू शकतो तो ऑडिओफाइल. फिलॉसॉफी या शब्दातही तोच ‘फिलोस’ आहे, तिथे प्रेम ज्ञानावर आहे.

म्हणजे सरळ अर्थ झाला सिनेमाप्रेमी. पण इतकंच असेल तर ‘फॅन’ हा शब्द होताच की.

फॅन, बफ आणि सिनेफाइल

‘फॅन’ हा शब्द ‘फनॅटिक’वरून आला असं मानलं जातं आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फानुम’ आहे. त्याचा अर्थ देऊळ. म्हणजे देवळात अंगात आल्यासारखा भारावलेला माणूस तो फॅन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्या प्रेक्षकांना फॅन म्हणायला लागले. तिथून तो शब्द सगळीकडे गेला. आपल्याकडे हिरोच्या कटआउटला दूध घालणारे लोक पाहिले की हे देवळाचं मूळ लगेच पटतं. फॅनचं प्रेम बहुतेक वेळा एका माणसावर असतं. त्याचा सिनेमा वाईट असला तरी फॅन तो तीनदा पाहतो.

‘मूव्ही बफ’मधल्या ‘बफ’ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. न्यूयॉर्कमध्ये आग विझवायला जाणारे स्वयंसेवक एकेकाळी म्हशीच्या कातड्याच्या फिकट पिवळसर रंगाचे कोट घालायचे. त्या रंगाला ‘बफ’ म्हणतात. कुठे आग लागली की बंबामागे धावत जाऊन ती पाहणाऱ्या हौशी लोकांनाही मग ‘बफ’ म्हणायला लागले. आगीपासून सुरू झालेला शब्द पुढे कुठल्याही विषयाच्या नादिष्ट माणसाला चिकटला. बफला माहिती खूप असते. कुठला सिनेमा कुठल्या साली आला, गाणं कुणी गायलं, व्हिलन कोण होता, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

सिनेफाइलमध्ये या दोघांचा थोडा थोडा अंश असतोच. वेड असतं, माहितीही असते. पण हा शब्द ज्या काळात रुजला त्या काळात त्याला आणखी एक अर्थ मिळाला. त्यासाठी पॅरिसला जावं लागेल.

सिनेमाला ‘कला’ कोण म्हणणार?

१९२० च्या आसपासचा काळ. सिनेमा लोकप्रिय होता, पण शिकलेल्या मंडळींच्या लेखी तो जत्रेतला खेळ होता. नाटक, चित्रकला, संगीत यांच्या पंक्तीला त्याला बसवायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा पॅरिसमधल्या काही लेखकांनी उलटी भूमिका घेतली. रिचोत्तो कानूदो हा मूळचा इटालियन लेखक सिनेमाला ‘सातवी कला’ म्हणायला लागला. लुई देल्यूकने १९२० मध्ये सिनेक्लबच्या नावाने नियतकालिक सुरू केलं. सिनेमा पाहायचा आणि नंतर एकत्र बसून त्यावर बोलायचं, वाद घालायचा, लिहायचं, अशी मंडळं तयार झाली. सिनेफाइल हा शब्द याच वातावरणात रुजला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा टीव्ही नव्हता, व्हिडिओ कॅसेट नव्हती. थिएटरातून उतरलेला सिनेमा पुन्हा पाहायचा तर कुणीतरी त्याची प्रिंट शोधून आणायची, प्रोजेक्टर मिळवायचा, हॉल भाड्याने घ्यायचा आणि लोक जमवायचे. ‘मला सिनेमा आवडतो’ एवढं म्हणून भागत नव्हतं, त्यासाठी खटपट करावी लागायची आणि ती एकट्याने होत नव्हती. म्हणून सिनेफाइल हा सुरुवातीपासून घोळक्यात सापडणारा प्राणी आहे.

बाथटबमध्ये सिनेमे ठेवणारा माणूस

त्यातच एक संकट आलं. १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांची किंमत एका रात्रीत शून्य झाली. जुन्या रिळांचं करायचं काय? तर फिल्मवरच्या थरात चांदी असते. ती काढून घ्यायची आणि बाकीचं फेकून द्यायचं. जगभर हजारो सिनेमे असे संपले. त्याच्याही आधी, १९२३ मध्ये, पाचशेहून अधिक सिनेमे बनवणाऱ्या जॉर्ज मेलिएसने कर्जबाजारी अवस्थेत स्वतःच्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या होत्या. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘ह्यूगो’मध्ये खेळण्यांच्या दुकानात बसलेला जो म्हातारा दिसतो, तो हाच मेलिएस.

हे सगळं पाहून आंरी लांग्लवा नावाचा एक विशीतला मुलगा अस्वस्थ झाला आणि मिळतील तिथून रिळं गोळा करायला लागला. जागा नव्हती म्हणून घरच्या बाथटबमध्ये रिळं रचून ठेवायचा, अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. १९३६ मध्ये त्याने जॉर्ज फ्रांजू आणि इतर मित्रांसोबत ‘सिनेमातेक फ्रान्सेज’ ही संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस नाझींच्या ताब्यात गेलं तेव्हा त्याने आणि त्याच्या मित्रांनी रिळं ठिकठिकाणी लपवली. काही रिळं तर बाबागाडीतून हलवली गेली असंही सांगतात.

युद्ध संपल्यावर लांग्लवाने पॅरिसमध्ये एक छोटं थिएटर सुरू केलं. जेमतेम पन्नास-साठ खुर्च्या होत्या. तिथे मूकपट, जर्मन, रशियन, अमेरिकन असे सगळ्या प्रकारचे सिनेमे लागायचे. त्याचं म्हणणं साधं होतं. कुठला सिनेमा चांगला आणि कुठला टाकाऊ हे आज ठरवणारे आपण कोण? आधी सगळे वाचवू, मग पुढचे लोक ठरवतील.

या थिएटरात पुढच्या रांगेत काही पोरं रोज येऊन बसायची. त्यात फ्रान्स्वा त्रुफो होता, जाँ-लुक गोदार होता, जाक रिव्हेत होता. सिनेमाचं शिक्षण त्यांनी कुठल्या कॉलेजात घेतलं नाही. या अंधाऱ्या खोलीतच ते शिकले.

पुढे हीच पोरं ‘कायये द्यू सिनेमा’ या मासिकात लिहायला लागली. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाच्या संस्थापकांपैकी एक होता समीक्षक आंद्रे बाझाँ. याच बाझाँने अडचणीत सापडलेल्या किशोरवयीन त्रुफोला सांभाळून घेतलं होतं. हॉलिवुडच्या ज्या हिचकॉकला तेव्हाचे विद्वान ‘नुसता थरारपट काढणारा’ म्हणायचे, त्याच्या सिनेमात लेखकासारखी स्वतःची सही असते, असं या पोरांनी हिरिरीने मांडलं. मग लिहिणारे हात कॅमेऱ्याकडे वळले. १९५९ मध्ये त्रुफोचा ‘फोर हंड्रेड ब्लोज’ आला, १९६० मध्ये गोदारचा ‘ब्रेथलेस’. त्यालाच आपण फ्रेंच न्यू वेव्ह म्हणतो. त्रुफोने पहिला सिनेमा बाझाँला अर्पण केला. बाझाँ तो पाहायला उरला नव्हता, १९५८ मध्येच वारला होता.

एका क्युरेटरसाठी रस्त्यावर लाठ्या

फेब्रुवारी १९६८ मध्ये फ्रेंच सरकारने लांग्लवाला त्याने स्वतः उभ्या केलेल्या संस्थेतून काढून टाकलं. त्याचा कारभार अस्ताव्यस्त आहे असं सरकारचं म्हणणं होतं. त्यात तथ्यही होतं, कारण हिशोब आणि नोंदी हा लांग्लवाचा प्रांत नव्हताच.

पण पॅरिसमधले सिनेमावेडे रस्त्यावर उतरले. दिग्दर्शक, नट, विद्यार्थी असे सगळे मोर्च्यात होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्रुफो आणि गोदार यांनाही मार बसला. चार्ली चॅप्लिनसह जगभरच्या दिग्दर्शकांनी पाठिंबा दिला. आमचे सिनेमे लांग्लवाशिवाय दाखवायचे नाहीत, असं अनेकांनी कळवून टाकलं. शेवटी एप्रिलमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि लांग्लवा परत आला. बर्नार्दो बर्तोलुचीच्या ‘द ड्रीमर्स’ या सिनेमाची सुरुवात याच आंदोलनाने होते.

एका सिनेमाच्या गोदामाचा माणूस परत यावा म्हणून लोक मार खातात, हे आज विचित्र वाटेल. पण सिनेफाइल या शब्दाला जे वजन आलं ते अशा गोष्टींमुळे आलं.

आपल्याकडे हा शब्द नव्हता, माणसं होती

आता मुंबईत येऊ. ल्युमिएर बंधूंचा खेळ पॅरिसनंतर जेमतेम सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावे दादा इतके भारावले की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा सिनेमा पाहिला. लगेच पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. त्यानंतर कित्येक महिने ते मिळेल तो सिनेमा पाहत राहिले, रात्र रात्र जागून प्रयोग करत राहिले, इतके की त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ दिसेनासं झालं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सिनेफाइल हा शब्द दादासाहेबांच्या कानावर गेला नसेल, पण या वेडाला दुसरं काय म्हणणार?

फिल्म सोसायट्या आपल्याकडे १९४० च्या दशकात सुरू झाल्या. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. १९५० मध्ये कंपनीने लंडनला पाठवलं तर तिथल्या मुक्कामात त्यांनी सुमारे शंभर सिनेमे पाहिले. त्यातल्या ‘बायसिकल थीव्ज’ने त्यांना सांगितलं की खरी माणसं, खऱ्या जागा आणि थोडे पैसे यातूनही सिनेमा बनतो. पाच वर्षांनी ‘पथेर पांचाली’ आला. १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला आणि तोच ‘बायसिकल थीव्ज’ इथल्या लोकांनीही पाहिला.

मराठी माणसासाठी यातलं महत्त्वाचं नाव म्हणजे मुंबईचं ‘प्रभात चित्र मंडळ’. पॅरिसमध्ये लांग्लवासाठी मोर्चे निघाले त्याच वर्षी, १९६८ मध्ये, हे मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या माणसाने या कामात हयात घालवली. मंडळाने ‘वास्तव रूपवाणी’ हे सिनेमाला वाहिलेलं मराठी नियतकालिक चालवलं. जागतिक सिनेमावर मराठीत गंभीरपणे लिहिता येतं हे त्यातून अनेकांना कळलं.

थोडं खरंही बोलू. फिल्म सोसायटीत दाखवल्या जाणाऱ्या परदेशी सिनेमांना सेन्सॉरची कात्री लागत नसे. त्यामुळे कलेसाठी नाही तर ‘त्या’ सीनसाठी मेंबर झालेले लोकही भरपूर होते. पण त्यातले काही सीनसाठी आले आणि सिनेमासाठी थांबले, हेही तितकंच खरं.

पुण्याचा लांग्लवा

कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. पुढे ती बंद पडली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. मग १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय म्हणजे एनएफएआय स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी तिथे पी. के. नायर नावाचे एक तरुण केरळी गृहस्थ कामाला लागले.

नायर लहानपणी सिनेमाची तिकिटं जपून ठेवायचे. मोठेपणी ते सिनेमे जपायला लागले. कुठे जुनं रीळ आहे असं कळलं की निघाले. फाळके कुटुंबाकडून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ची रिळं मिळवली. थिएटरात अंधारात टॉर्च लावून वहीत नोंदी करणारा माणूस ही त्यांची ओळख विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना आठवते. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहालयात सुमारे १२,००० सिनेमे जमा झाले होते. त्यांच्यावर शिवेंद्र सिंह डुंगरपूर यांनी ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये नायर गेले.

त्यांनी काय वाचवलं हे कळायला काय वाचलं नाही ते पाहावं लागतं. भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले, त्यातले पूर्ण किंवा बऱ्यापैकी अवस्थेत उरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उरले आहेत आणि ते १९१३ चे की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, त्याची एकही प्रिंट आज नाही. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ चा मूकपट, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणारा, ज्यात व्ही. शांताराम यांनी काम केलं होतं. आज तो पाहायला मिळत नाही. आपल्या पणजोबांनी पाहिलेला सिनेमा आपल्याला फक्त वाचावा लागतो.

सिनेफाइल व्हायला इंग्रजी लागतं का?

याचं उत्तर कर्नाटकातल्या हेग्गोडू या गावाने दिलं आहे. शिमोगा जिल्ह्यातलं हे छोटं खेडं, सुपारीच्या बागांचं. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था वाढवली आणि तिच्या फिल्म सोसायटीने गावकऱ्यांना जगभरचे उत्तम सिनेमे दाखवायला सुरुवात केली. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर यांनी या कामाला हातभार लावला. ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ज’ असे सिनेमे शेतकऱ्यांनी, बायकांनी, पोरांनी पाहिले आणि त्यावर बोलले. ‘सेल्युलॉइड मॅन’मध्ये तिथला शेतकरी हे सिनेमे आठवून बोलताना दिसतो. त्याच्या बायोमध्ये सिनेफाइल लिहिलेलं नाही.

आपल्याकडेही जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून सिनेमा पाहणाऱ्या लोकांनी सिनेमावर कमी प्रेम केलं असं कोण म्हणेल? पिटात बसून नाणी उधळणारा प्रेक्षक आणि पॅरिसच्या पहिल्या रांगेतला त्रुफो, दोघांनाही पडद्याच्या जवळच बसायचं होतं.

‘सिनेफाइल मेला’ असं कुणी म्हटलं होतं?

१९९६ मध्ये अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात एक लेख लिहिला आणि खळबळ उडाली. सिनेमावरचं ते विशिष्ट प्रेम संपत चाललं आहे, असा त्यांचा सूर होता. घरच्या छोट्या पडद्यावर पाहिलेला सिनेमा हा खरा सिनेमा नव्हे, थिएटरच्या अंधारात अनोळखी लोकांमध्ये बसून त्याच्या स्वाधीन होणं ही वेगळीच गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्या काही अंशी बरोबर होत्या. मोबाइलवर दीडपट स्पीडने सिनेमा पाहून ‘संपवणारे’ आपण सगळे ओळखतो. पण एक गोष्ट त्यांच्या अंदाजात बसली नाही. इंटरनेटमुळे अकोल्यातल्या मुलीला इराणचा अब्बास किआरोस्तामी सापडू शकतो. २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं लेटरबॉक्स्ड हे म्हटलं तर जगभर पसरलेलं सिनेक्लबच आहे. लोक तिथे सिनेमा पाहतात, लिहितात, भांडतात. लुई देल्यूकने हेच छापील कागदावर सुरू केलं होतं.

फरक इतकाच की तिथे आकडा समोर दिसतो. वर्षात किती सिनेमे झाले, कुठली यादी किती टक्के पूर्ण झाली. मग सिनेमा पाहणं हे गड सर करण्यासारखं होतं आणि ज्याने तो गड केला नाही त्याला खाली बघण्याची सवय लागते. ज्या शब्दाने लोकांना एका खोलीत जमवलं, तोच शब्द लोकांना दाराबाहेर ठेवायला वापरला जातो.

मराठीत काय म्हणायचं?

मराठीत या माणसासाठी शब्दांची कमी नाही. ‘सिनेमावेडा’ आहे. गाण्याच्या मैफलीतून आलेला ‘दर्दी’ आहे. शिरीष कणेकर यांनी ‘माझी फिल्लमबाजी’ हा एकपात्री कार्यक्रम गाजवला, त्यामुळे ‘फिल्लमबाज’ म्हटलं तरी लगेच चित्र डोळ्यांसमोर येतं, म्हणजे सिनेमावर खळखळून हसणारा आणि तितकंच प्रेम करणारा माणूस.

पण सगळ्यात जवळचा शब्द बहुधा ‘रसिक’. फिल्म अॅप्रिसिएशनला मराठीत ‘चित्रपट रसास्वाद’ म्हणतात आणि त्या नावाची शिबिरं पुण्यात वर्षानुवर्षं भरत आली आहेत. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ असाही शब्द आहे, म्हणजे ज्याचं हृदय कलाकृतीच्या हृदयाशी जुळतं असा. आणि ते जुळण्यासाठी अभ्यासाने मन आरशासारखं घासून स्वच्छ करावं लागतं, असं अभिनवगुप्तांनी सांगितलं. ग्रीकांच्या ‘फिलोस’पासून हा शब्द फार लांब नाही.

मग तुम्ही सिनेफाइल आहात का?

हे ठरवायला किती सिनेमे पाहिले हे मोजायची गरज नाही. या शब्दाच्या इतिहासातले सगळे लोक पाहा. कुणी मंडळ काढलं, कुणी मासिक काढलं, कुणी रिळं लपवली, कुणी खेड्यात पडदा लावला. सिनेमा पाहून झाल्यावर प्रत्येकाने सिनेमासाठी काहीतरी केलं.

ते काहीतरी आज फार अवघडही नाही. आवडलेला सिनेमा मित्रांना जमवून दाखवा आणि नंतर अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून त्यावर बोला. चांगला मराठी सिनेमा लागला तर पहिल्या आठवड्यात जा, कारण दुसऱ्या आठवड्यात तो शो असेलच असं नाही. पाहिलेल्या सिनेमावर मराठीत चार ओळी लिहा. जवळच्या फिल्म सोसायटीत जा.

आणि एक काम घरातलं आहे. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सिनेमाची पोस्टरं, गाण्यांची पुस्तिका, फोटो किंवा एखादं रीळ पडलेलं असू शकतं. रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते खराब व्हायला लागलं आहे. त्याला उन्हात ठेवू नका आणि रद्दीत तर नक्कीच देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडे विचारा. याच फाउंडेशनने श्याम बेनेगल यांचा, स्मिता पाटील यांच्या भूमिकेने लक्षात राहिलेला ‘मंथन’ पुन्हा नवा केला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला हा सिनेमा २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

बायोमध्ये सिनेफाइल खुशाल लिहा, तो शब्द कुणाच्या मालकीचा नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी “मी अजून कुरोसावा पाहिला नाही” असं म्हटलं, तर त्याला हसू नका. शनिवारी घरी या म्हणावं, एकत्र पाहू.